तुमचे एक पॉइंट बहात्तर

पंचफुलाबाई,

तुमचा ठोकळा माझ्याकडे आला.

तुम्ही गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी कोराडीच्या तुमच्या घरी मी पांढरी साडी नेसून मागच्या रांगेत बसले होते. वंदना मला पाठ नाही, म्हणून नुसते ओठ हलवत होते. तुमची कोणी भाची की पुतणी माझ्याकडे बघून समजुतीने हसली. जेवणं झाल्यावर तुमची रश्मी, म्हणजे माझी सून, मला आतल्या खोलीत घेऊन गेली आणि तुमच्या रुमालात गुंडाळलेलं काहीतरी जड माझ्या हातात ठेवलं.

"आई, हा तुम्हाला. दवाखान्यात तिनं दोनदा सांगितलं. हा इहीनबाईले दे म्हणाली."

"आणखी काही म्हणाल्या?"

"नाही. एवढंच."

एवढंच म्हणणार, हे मला माहीत होतं. तुम्ही जास्त बोलला असतात तर मला सोपं गेलं असतं.

आता तो माझ्या जेवणाच्या टेबलावर आहे. पाच सेंटिमीटर लांब, चार रुंद, दोन जाड. ग्रॅफाइटचा ठोकळा. टेबलक्लॉथवर त्याचा काळा चौकोन उमटला आहे. माझ्या घरी डाग पडलेला टेबलक्लॉथ त्याच दिवशी धुतला जातो, यावरून तुम्ही मला किती चिडवलंय. हा अजून धुतलेला नाही.

हे मी तुम्हाला लिहिते आहे, पण वाचणार आहेत ईरा आणि जुई, आपल्या दोघींच्या नाती, तिकडे आइंडहोव्हनला. ईराला मराठी वाचता येतं, थोडं अडखळत. जुईला ती वाचून दाखवेल. म्हणून अक्षर स्वच्छ काढते आहे आणि सगळं क्रमाने सांगणार आहे. तुम्ही असतात तर मधेच म्हणाला असतात, "इहीनबाई, मुद्द्यावर या."

मुद्दा हा की मला तुमचा हेवा वाटत असे. वाटत असे काय, अजून वाटतो. आठ दिवस झाले तुम्हाला जाऊन, आणि परवा फोनवर जुई रडत होती तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते असं, की मी गेल्यावर ही इतकी रडेल का? हे कुणाला सांगण्यासारखं नाही. तुम्हाला सांगितलं तर चालतं.

कुठून सुरू झालं ते नेमकं सांगू शकते. ईरा तीन वर्षांची असताना दोघी आज्यांना ओळखायला तिने नावं पाडली. मी धरमपेठेत राहते म्हणून मी धरमपेठ आजी. तुम्ही फुला आजी. तेव्हा सगळे हसले, मीही हसले. घरी येऊन आरशासमोर कानातले काढताना विचार केला, मला एका मोहल्ल्याचं नाव आणि यांना फुलाचं. मी एकतीस वर्षं इंग्रजी शाळेत विज्ञान शिकवलं. गोष्टी सांगायच्या तर इंग्रजीतही सांगते, मराठीतही सांगते. मुलींसाठी केक करायला शिकले, त्यासाठी ग्रॅमचा दशांश दाखवणारा काटा घेतला. आणि त्या नागपूरला उतरल्या की विमानतळावरच विचारत, "फुला आजीकडे पाटवड्या कधी?"

दर रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल. पडद्यावर तीन चौकोन. एकात मुली, एकात तुम्ही, एकात मी. मी पाच मिनिटं आधी येऊन बसत असे, केस नीट करून. तुम्ही दहा मिनिटं उशिरा येत असा, तेही फोन उलटा धरून, आधी छताचा पंखा दिसायचा आणि मग तुमची हनुवटी. आणि त्या पंख्यालाच मुली ओरडून हाका मारायच्या.

तरी हे सगळं मी पचवलं असतं. आज्यांमध्ये एक लाडकी असतेच. पण तुम्ही माझ्या विषयात आलात.

दिवाळीनंतर ईराच्या शाळेत प्रकल्प दिला होता. घरातली एखादी वस्तू घ्या, तिची घनता मोजा, आणि पुस्तकातल्या आकड्याशी ताडून पाहा. घनता म्हणजे वस्तुमान भागिले घनफळ. हे मी आठवीच्या किती तुकड्यांना शिकवलं असेल! मी रविवारची वाटच बघत होते. पेन्सिल, वही, दोन उदाहरणं तयार ठेवली होती. ईरा पडद्यावर आली आणि म्हणाली, "फुला आजी, तुझ्याकडे तो काळा ठोकळा आहे ना अजून? आपण तो मोजू या?"

तुम्ही! सातवी शिकलेल्या. पण कामठी रोडवरच्या त्या कारखान्यात सव्वीस वर्षं तुम्ही हेच केलं होतं, हे मुलींना माझ्या आधी ठाऊक होतं. तिथे मोटरींसाठी कार्बन ब्रश कापत. ब्रश म्हणजे केसांचा नव्हे, फिरणाऱ्या भागाला टेकून वीज पोचवणारा ग्रॅफाइटचा छोटा तुकडा. तुम्ही तपासणीच्या टेबलावर होतात. आलेला प्रत्येक ठोकळा मापायचा, तोलायचा, भागायचा, आणि हलका निघाला तर बाजूला काढायचा, कारण हलका ब्रश लवकर झिजतो. घनता हा शब्द तुम्ही वापरत नव्हता. तुम्ही म्हणत, ठोसपणा. काटा लावायच्या आधी तुम्ही चमच्याने ठोकून बघत. चांगला ठोकळा टण्ण वाजतो, भुसभुशीत किंवा ओला असेल तर थप्प करतो. मुलींना तो आवाज इतका आवडे की त्या दर रविवारी तो वाजवायला लावत.

त्या दिवशी तुम्ही जुना व्हर्निअर काढलात. कॅमेऱ्यासमोर धरून एकेक बाजू मोजलीत. ईराला वाचायला लावलंत, जुईला गुणाकार करायला लावलात. पाच गुणिले चार गुणिले दोन. चाळीस घन सेंटिमीटर. मग शेजारच्या सोनाराच्या दुकानातून तोलून आणलेलं वजन सांगितलंत, ६८.८ ग्रॅम.

"किती?" ईराने विचारलं. तुमच्याशी बोलताना ती हा शब्द फार वापरायची. किती वाजले, किती पाटवड्या, किती दिवस उरले. नुसतं, "किती?"

"तूच सांग वं माय. भागून पाय."

"एक पॉइंट बहात्तर!"

"हाव. माह्या हातानं बी तेवढाच सांगितला होता."

मी खाकरले. पंचफुलाबाई, मी खाकरले ते तुम्हाला आठवत असेल. "ग्रॅफाइटची घनता दोन पॉइंट सव्वीस असते," मी म्हणाले. "हा फरक फार मोठा आहे. माप चुकलंय कुठेतरी."

"काहून? पुस्तकवाल्यानं हा ठोकळा पायला हाय का?"

मुली खदखदून हसल्या.

मी मग समजावून सांगितलं. नीट, पायरी पायरीने. ग्रॅफाइटमध्ये कार्बनचे अणू षटकोनांच्या जाळीत बसलेले असतात, आणि त्या जाळ्या एकावर एक थरांनी रचलेल्या. थरांमध्ये अंतर जरा मोठं, पकड सैल, म्हणून एक थर दुसऱ्यावरून घसरतो आणि पेन्सिल कागदावर उमटते. या रचनेतला सगळ्यात लहान डबा घ्यायचा. त्याच्या वाट्याला चार अणू येतात. चार अणूंचं वजन भागिले त्या डब्याचं घनफळ. मोजायला काटा लागत नाही, पट्टी लागत नाही, उत्तर कागदावर येतं. दोन पॉइंट सव्वीस. मी वही कॅमेऱ्यासमोर धरली. मला ते गणित सुंदर वाटतं, अजूनही वाटतं.

जुईने विचारलं, "मग हिरा पण कार्बनच ना? फुला आजी, तुझा ठोकळा हिरा होऊ शकतो?"

"हिरा असता तं मी इथं शेंगा सोलत बसली असती का?"

पुन्हा हशा. माझी वही कॅमेऱ्यासमोर तशीच धरलेली. कुणी बघत नव्हतं.

पुढच्या रविवारी मी तुम्हाला माझ्याकडे बोलावलं. ठोकळा घेऊन या म्हटलं, पाण्यात बुडवून मोजू, म्हणजे तुमच्या व्हर्निअरची चूक कळेल. तुम्ही कोराडीहून बसने बर्डीला आलात, तिथून शेअर ऑटोने माझ्या दारात. येताना जास्वंदीची दोन रोपं आणलीत, पानांवर तुमच्याकडच्या वीजकेंद्राची राख तशीच. मी ती आधी पुसली. तुम्ही म्हणालात, "पुसा पुसा, चार दिवसांत इथली धूळ बसनच."

मी काट्यावर पाण्याचा डबा ठेवला, आकडा शून्यावर आणला, ठोकळा दोऱ्याला बांधून तळाला टेकू न देता पाण्यात सोडला. पाणी जितकं बाजूला सरतं तितका काटा वाढतो. जितके ग्रॅम तितके घन सेंटिमीटर. साधी, निर्दोष पद्धत. मुली पडद्यावर श्वास रोखून बघत होत्या. काट्याने ३९.८ दाखवलं. मी वाचलं. मग तो ३९.५ झाला. मग ३९.२. ठोकळ्यातून बारीक बारीक बुडबुडे निघत होते, आणि आकडा काही केल्या एका जागी थांबेना. मी दोरा सरळ केला, डबा पुसला, पुन्हा पहिल्यापासून केलं. पुन्हा तेच. एकतीस वर्षं शिकवलेली बाई, स्वतःच्या स्वयंपाकघरात, नातींसमोर.

तुम्ही बाजूच्या खुर्चीत चहाची बशी हातात धरून बसला होतात. म्हणालात, "त्याले तहान लागली हाय इहीनबाई. पयले पिऊ तं द्या."

जुई इतकी हसली की खुर्चीवरून पडली. खरंच पडली.

मग तुम्ही सांगितलंत, आणि तुम्ही ते चांगलं सांगितलंत, हे आज लिहून देते. "हा खाणीतला नाई. हा बनवलेला हाय. भुकटीत डांबर मिळवून दाबतात आन भट्टीत भाजतात. भाजताना डांबर उडून जाते, त्याची जागा रिकामी राहते. अख्ख्या ठोकळ्यात बारीक बारीक भोकं. तुमचं पुस्तक भोकं मोजत नाई, मी मोजते. तुमचं बी बराबर हाय, आन माहं बी बराबर हाय. असं करा, पाण्यात चांगला उकळा, त्याच पाण्यात थंड होऊ द्या. हवा निघून जाईन, पाणी भरन. मंग तोला. मंग काटा हलणार नाई."

ईरा म्हणाली, "मग ते पण करू या! तिसरं माप!"

"करू ना. पुढच्या टायमाले."

मला कळलं होतं. त्याच क्षणी. रचनेचा डबा भरलेला असतो, ठोकळा भरलेला नसतो. माझा आकडा निर्मळ स्फटिकाचा, तुमचा या जगातल्या एका वस्तूचा. कोणत्याही शिक्षिकेला अर्ध्या वाक्यात कळावं इतकं ते उघड होतं. म्हणून पुढे जे केलं ते न कळून केलं असं मला म्हणता येत नाही.

तुम्ही गेल्यावर कप विसळला. कपाच्या कानावर तुमच्या अंगठ्याचा काळा ठसा होता, रेघ न् रेघ दिसत होती. नोकरी सोडून इतकी वर्षं झाली, पण ठोकळा हाताळला की तुमच्या बोटांच्या रेषा पुन्हा काळ्या होत. मी तो ठसा घासून काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी ईराला मेसेज केला.

ईरा, तुझ्याकडे तो मेसेज अजून असेल. तरी इथे लिहिते. मी लिहिलं होतं, "फुला आजीचा फोन आला होता. तिच्या लक्षात आलं की माप चुकलं होतं. ती म्हणाली, ईराला सांगा २.२६ लिही."

असा फोन आला नव्हता. फुला आजी असं काही म्हणाली नव्हती. ते मी लिहिलं, तिच्या नावाने.

पंचफुलाबाई, झालं. लिहून झालं. आता पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण तुम्ही ते कधी माझ्यासमोर उच्चारलं नाहीत, म्हणून मीच उच्चारते.

ईराने तक्त्यात लांबी पाच, रुंदी चार, जाडी दोन, वजन ६८.८, आणि घनता २.२६ असं लिहिलं. तिच्या शिक्षिकेने भागाकार केला. कोणतीही शिक्षिका करेल, मीही केला असता. खाली लिहिलं की पुस्तकाशी जुळावं म्हणून उत्तर बदललेलं दिसतं. वर्गासमोर उभं राहून ईराला सांगावं लागलं की तिने ते का केलं.

त्या रविवारी ती कॉलवर आली तेव्हा डोळे सुजलेले. तुम्ही अजून आला नव्हतात. मी एकटी होते तिच्यासमोर, पूर्ण दहा मिनिटं. दहा मिनिटं पुरेशी होती. मी तिला विचारलं, जेवलीस का.

मग तुमचा पंखा दिसला, मग हनुवटी. ईरा म्हणाली, "फुला आजी, तू धरमपेठ आजीला का सांगितलंस की तुझं माप चुकलं? ते चुकलं नव्हतं!"

पडद्यावर कोण कोणाकडे बघतं ते कळत नाही, सगळे खालीच बघत असतात. तरी मला कळलं की तुम्ही माझ्या चौकोनाकडे बघता आहात. मी शाल सारखी केली. किती वेळ गेला असेल? वही असती तर सेकंद लिहिले असते.

"हाव वं माय," तुम्ही म्हणालात. "मीच म्हटलं असन. म्हाताऱ्या माणसाचं डोकं, पुस्तकातला आकडा ऐकून घाबरली असन मी."

"पण तू तर म्हणाली होतीस, पुस्तकवाल्याने ठोकळा पाहिला का!"

"म्हटलं होतं. मंग घाबरली. तुह्या टीचरले सांग, माह्या आजीची चुकी हाय. आन आपण तिसरं माप करू, उकळून. थे बिलकुल बराबर येईन."

ईरा रागावली होती. तुमच्यावर. तीन रविवार ती तुमच्याशी धड बोलली नाही. माझ्याशी बोलायची. पुस्तकं, शाळा, मैत्रिणी, सगळं मला सांगायची. तुम्ही तुमच्या चौकोनात शेंगा सोलत बसायचात. मला हवं होतं ते मिळालं होतं, तीन रविवारांपुरतं, आणि ते मी भोगलं. खोटं कशाला बोलू? गोड वाटलं मला.

चौथ्या रविवारी जुई म्हणाली, "फुला आजी, टण्ण वाजव ना," आणि तुम्ही वाजवलात, आणि ईरा हसली. संपलं. पुन्हा त्या पंख्याला हाका मारायला लागल्या.

मला तुमच्या त्या गप्प बसण्याचा जास्त हेवा वाटला. पाटवड्यांचा वाटला नाही तितका. पाटवड्या मी शिकले असते. पण तुम्ही एकदाही विचारलं नाहीत, इहीनबाई, असं काहून केलं? संक्रांतीला तुम्ही तिळगूळ घेऊन आलात, माझ्या सोफ्यावर बसलात, रश्मीच्या नोकरीचं बोललात, माझ्या गुडघ्याचं विचारलंत. मी वाट बघत होते. विचारलं असतं तर मी काहीतरी बाजू मांडली असती, आपण भांडलो असतो, मी उत्तम भांडते. तुम्ही उठलात, चपला घातल्यात, आणि दारात म्हणालात, "थे उकळायचं राहूनच जाऊन राहिलं बाई. एखाद्या दिवशी तुमच्याचकडे करू. तुमचा काटा चांगला हाय."

तो टोमणा होता की निमंत्रण, याचा मी आठवडाभर विचार केला. मग तुम्ही दवाखान्यात गेलात. मी भेटायला आले तेव्हा खोलीत माणसं होती. होती म्हणून बरं वाटलं मला.

बावीस वर्षं आपण एकमेकींना अहोजाहो केलं. तुम्ही तुमच्या शेजारणींना वं म्हणून हाक मारत, माझी पाळी आली की इहीनबाई. मला एकदा तरी वं म्हणाला असतात तर मी काय केलं असतं, देव जाणे. रागावले असते बहुधा.

मागच्या बुधवारी ईराचा आवाजी निरोप आला. "आजी, ठोकळा तुझ्याकडे आहे असं आई म्हणाली. फुला आजीचं तिसरं माप राहिलं. तू करशील? तुला येतं ना?"

तुला येतं ना.

गुरुवारी सकाळी मी ठोकळा कोरडा तोलला. ६८.८. तुमच्या सोनाराचा काटा आणि माझा केकचा काटा एकच बोलले. मग स्टीलच्या पातेल्यात पाणी घेऊन त्यात ठेवला आणि गॅस लावला. पाणी उकळायच्या आधीच बुडबुडे यायला लागले, ठोकळ्याच्या प्रत्येक बाजूने, दोऱ्यासारखे. मी स्टूल ओढून बसले. तास, दीड तास. मधे दोनदा पाणी घालावं लागलं. किती हवा होती त्या एवढ्याशा दगडात! मग गॅस बंद करून त्याच पाण्यात राहू दिला, तुम्ही सांगितल्याप्रमाणे, शनिवार सकाळपर्यंत.

शनिवारी डबा काट्यावर ठेवला, शून्य केला, ठोकळा दोऱ्याने सोडला.

चाळीस. ४०.० वर आला आणि थांबला. मी पाच मिनिटं बघत बसले. हलला नाही.

चाळीस म्हणजे तुमचे पाच गुणिले चार गुणिले दोन. जुईचा गुणाकार. कोरडं वजन ६८.८ भागिले चाळीस. एक पॉइंट बहात्तर. माझ्या पद्धतीने, माझ्या काट्यावर, माझ्या स्वयंपाकघरात तुमचा आकडा आला.

ईरा, पुढचं तुझ्या वहीसाठी. ठोकळा बाहेर काढून ओल्या फडक्याने वरचं पाणी टिपलं आणि तोलला. ७६.५ ग्रॅम. म्हणजे आत ७.७ ग्रॅम पाणी शिरलं. तेवढी भोकं. चाळीसमधून ती वजा केली की उरतं ३२.३. आता ६८.८ भागिले ३२.३, उत्तर दोन पॉइंट तेरा. बघ, पुस्तकाच्या जवळ आलं. पण पोचलं नाही. उरलेला फरक बहुतेक अशा भोकांचा, जी सगळीकडून बंद आहेत. कितीही उकळलं तरी तिथे पाणी जात नाही.

हा तिसरा आकडा फुला आजीला बघायला मिळाला नाही. पहिला तिचा, तिसराही तिचाच, मी फक्त गॅस लावला.

इथपर्यंत शनिवारी लिहिलं. रविवारी कॉलवर वाचून दाखवलं, सगळं, मेसेजसकट. पडद्यावर दोनच चौकोन होते. तिसऱ्याची जागा आपोआप भरून निघते, आपले चेहरे मोठे दिसतात. मला माझा चेहरा इतका मोठा नको होता.

ईरा ऐकत होती. वाचून झाल्यावर म्हणाली, "म्हणजे मी तीन आठवडे तिच्यावर चिडले ते उगाच."

"हो."

"आणि तू बघत होतीस."

"हो."

"तिला सॉरी म्हणता येणार नाही आता."

ईरा उठली आणि कॅमेऱ्याबाहेर गेली. दार लागल्याचा आवाज आला. जुई तिथेच बसून होती, काय करावं ते न कळून. मग म्हणाली, "आजी, ठोकळा वाजव ना."

मी चमचा आणला. वाजवला. थप्प.

"असा नव्हता वाजत," जुई म्हणाली.

"ओला आहे गं. पाणी पिऊन बसलाय. उन्हात ठेवते, सुकला की वाजेल."

"कधी सुकेल?"

"पुन्हा ६८.८ झाला की."

सोमवारी मी त्याला गॅलरीत ठेवलं, तुमच्या जास्वंदीच्या कुंड्यांशेजारी. मार्चचं ऊन आहे, तरी तो पाणी हळूहळू सोडतो. दिवसातून दोनदा तोलते आणि वहीत लिहिते. हाताला काळं लागतं, वहीच्या समासात बोटं उमटतात. माझ्या वहीत आजवर कधी डाग नव्हता. सोमवारी संध्याकाळी ७१.६. मंगळवारी ७०.२.

ठोकळा सुकवते आहे हे जुईने तिला सांगितलं असणार, पण ईराचा फोन नाही, मेसेज नाही. तुम्ही असतात तर तिला कसं बोलतं केलं असतं, ते मला येत नाही. त्याचा हेवा आहेच.

आज बुधवार. सकाळी अकरा वाजता मी ठोकळा काट्यावरून उचलत होते, हात काळे, आणि फोन वाजला. ईराचा मेसेज. एकच शब्द.

"किती?"

तो तुमचा शब्द आहे, पंचफुलाबाई. मला ठाऊक आहे की तो अजून तुमचाच आहे. मी हात न धुताच उत्तर लिहिलं, फोनच्या काचेवर अंगठा उमटला.

"६९.४. अजून पाणी आहे."